सर्दी-पडशावर घरचा काढा: काय उकळायचे, काय नुसते मुरवायचे

डिचोलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. पाऊस लागला की त्यांच्या घरात एकामागून एक सगळे शिंकू लागतात. सासूबाई तुळस, आले, मिरी, लवंग, दालचिनी आणि ज्येष्ठमध एकाच टोपात घालतात, पाणी निम्मे आटेपर्यंत उकळतात, वर गूळ घालतात आणि तोच काढा घरातल्या सगळ्यांना देतात. सगळ्यांत रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे सासरे आले, चार वर्षांचा मुलगा आला आणि नऊ महिन्यांची मुलगीही आली. तिला काढ्याचे बोट मधात बुडवून चाटवतात. याचा खरेच उपयोग होतो का, नीट करायचा कसा, आणि फ्लू असला तर एवढ्यावर भागते का, असे त्यांनी विचारले आहे.

आधी मुलीचे सांगते, कारण ते थांबणार नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नाही. बोटभरही नाही, कुळागरातला, म्हणजे आपल्या बागायतीतला, स्वतः काढलेला असला तरी नाही. मधात एका जंतूची बीजे असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ती रुजत नाहीत, बाळाच्या आतड्यात रुजतात, विष तयार करतात आणि बाळ लुळे पडू लागते. हे क्वचित घडते, पण घडले तर बाळाला अतिदक्षता विभागात ठेवावे लागते. नऊ महिन्यांच्या बाळाला पडशात आईचे दूध, नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब आणि मऊ पेज एवढे पुरते. काढा तिच्यासाठी नाहीच.

आता मूळ प्रश्न. काढ्याचा उपयोग होतो, पण सासूबाई समजतात त्या कारणाने नाही. पडसे आणणारे विषाणू दोनशेहून अधिक प्रकारचे आहेत आणि कपभर तुळशीचा काढा त्यांतल्या एकालाही मारत नाही. पडसे आपल्या चालीने येते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जोर धरते, आठ-दहा दिवसांत उतरते. खोकला मात्र दोन-तीन आठवडे मागे रेंगाळतो, आणि तेवढ्याने घाबरायचे कारण नसते. हे दिवस सोसण्याजोगे करणे, हे काढ्याचे काम. घसा ओला राहतो, चिकट कफ सैल होतो, अंगातली कसकस कमी वाटते, पोटात पाणी जाते. काम लहान नाही. रात्री सुखाने झोप लागली तर माणूस निम्मा बरा होतो.

ब्रिटनमधल्या कार्डिफ विद्यापीठात २००८ साली सर्दी झालेल्या तीस जणांवर एक साधा प्रयोग झाला. सर्वांना फळाचे एकच सरबत दिले, काहींना गरम, काहींना नेहमीच्या तापमानाचे. नेहमीच्या तापमानाचे प्यायलेल्यांचे नाक वाहणे, शिंका आणि खोकला थोडा कमी झाला. गरम प्यायलेल्यांना त्याबरोबर घशाची खवखव, शिरशिरी आणि थकवा यांतही लगेच आराम वाटला. नाकातून जाणारी हवा मोजली, तर ती दोन्हीकडे जवळपास तेवढीच होती. सरबतात औषध काहीच नव्हते. काढ्याचा मोठा वाटा त्याच्या गरमपणाचा आणि पाण्याचा आहे, बाकीचा सुगंधाचा आणि तिखटपणाचा. हे मान्य केले की काढा करण्याची रीतच बदलते. मग तो आटवून कडक करण्यात अर्थ उरत नाही. तो पातळ हवा, आणि दिवसातून तीन-चार वेळा थोडा थोडा प्यायला हवा.

इथे मला माझ्या शास्त्राचा आधार घ्यावासा वाटतो, कारण आजीच्या नावाने आपण जे करतो ते पुष्कळदा आजीच्याही शास्त्रात बसत नाही. आयुर्वेदात वनस्पती पाण्यात उतरवण्याच्या वेगवेगळ्या रीती आहेत. क्वाथात द्रव्य पाण्यात उकळून पाणी आटवतात. फांटात द्रव्यावर कढत पाणी ओतून झाकून ठेवतात आणि गाळतात. हिमात द्रव्य रात्रभर थंड पाण्यात भिजवतात. रीत निवडायची ती द्रव्य पाहून. सुंठ, ज्येष्ठमध, दालचिनीची साल ही कठीण द्रव्ये, ती उकळल्याशिवाय काही देत नाहीत. तुळस, गवती चहा, पुदिना, पानओवा ही कोवळी आणि सुगंधी. त्यांचा गुण त्यांच्या उडनशील तेलात असतो: तुळशीत युजेनॉल, गवती चहात सिट्रल. पंधरा मिनिटे उघड्या टोपात उकळली की ते तेल स्वयंपाकघराच्या छपराला जाऊन लागते. सगळ्या घरात तुळशीचा घमघमाट सुटला की सासूबाई खूश होतात, पण तो वास टोपात राहायला हवा होता.

म्हणून मी सांगते ती रीत अशी. तीन कप पाण्यात बोटाच्या पेराएवढे आले ठेचून घाला, दोन मिरी भरड करून घाला, दालचिनीचा नखाएवढा तुकडा घाला. झाकण ठेवून मंद आचेवर सात-आठ मिनिटे उकळू द्या. मग आच बंद करा. आता तुळशीची आठ-दहा पाने आणि गवती चहाच्या दोन पाती गाठ मारून आत टाका, झाकण घट्ट लावा आणि दहा मिनिटे हात लावू नका. गाळून घ्या. झाकणाच्या आत जे थेंब जमलेले असतात ते परत टोपात पाडा, सुगंधाचा बराच भाग तिथेच असतो. मध घालायचा तर पेय पिण्याजोगे कोमट झाल्यावर घाला. लवंग नसली तरी चालते. लवंगेचे आणि तुळशीचे मुख्य तेल एकच आहे, दोन्ही घातल्याने दुप्पट गुण येत नाही, जीभ मात्र बधिर होते.

कढत कढत घोटायची हौस असेल तर तीही सोडा. ६५ अंशांपेक्षा गरम पेये सतत पिणे अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या दृष्टीने धोक्याचे असू शकते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली म्हटले आहे. चार दिवसांच्या पडशात कुणाला कर्करोग होत नाही, पण सुजलेला घसा भाजून घेण्यात शहाणपणही नाही.

घट्ट काढ्याचे वेड २०२० सालात फार वाढले. त्या वर्षी आयुष मंत्रालयाने जो क्वाथ सुचवला होता त्याचे प्रमाण पाहा: तुळस चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन, मिरी एक. हे चूर्ण ३ ग्रॅम, दीडशे मिली पाण्यात, दिवसातून एकदा किंवा दोनदा. म्हणजे मिरी एका कपाला जेमतेम तिसरा हिस्सा ग्रॅम. घरोघरी मात्र मूठमूठ मिरी उकळली गेली. जळजळ, तोंड येणे, मूळव्याध उठणे अशा तक्रारी घेऊन माणसे दवाखान्यात यायला लागली, आणि विचारले की एकच उत्तर: ‘काढाच तर घेतो, त्याने काय होणार?’

आपल्या गोव्यात दोन झाडे परसात असतात आणि लोक त्यांना विसरून दुकानातल्या पुड्या आणतात. पहिला पानओवा. जाड, मऊ, लवयुक्त पान, चुरगळले की ओव्याचा वास. कुंडीत फांदी खोचली तरी लागतो. दोन पाने हाताने फाडून कपभर कढत पाण्यात झाकून ठेवा. नाक चोंदलेल्या माणसाला तो वास बरा वाटतो. पोट फुगलेले असेल तर त्यालाही बरे. आमच्या फोंड्याकडे पानओव्याची भजी होतात, ती मात्र खोकला गेल्यावर.

दुसरा अडुळसा. याची पाने कडू, फुले पांढरी, कुंपणाला पुष्कळ ठिकाणी लावलेला असतो. छातीत कफ घट्ट बसला असेल तेव्हा याचा उपयोग. कफ पातळ करणारे ब्रोमहेक्झिन हे औषध अडुळशातल्या व्हॅसिसिन या द्रव्यावरूनच घडवले आहे, आणि आज सर्रास लिहून दिले जाणारे ॲम्ब्रोक्सॉल हे त्या ब्रोमहेक्झिनचेच पुढचे रूप. तेव्हा अडुळसा हा गमतीचा चहा नाही, औषध आहे. दोन पिकली पाने दोन कप पाण्यात उकळून एक कप करायचा, तो दोन वेळांत घ्यायचा, तीन-चार दिवस. गर्भवतीने अजिबात नाही. त्याने गर्भाशय आकुंचन पावते. कोरड्या, ठसक्याच्या खोकल्यात त्याचा फायदा नाही. तिथे मध किंवा ज्येष्ठमधाची कांडी बरी.

आणि आपला कसाय. धणे चार चमचे, जिरे एक चमचा, थोडी बडीशेप, चार-पाच मिरी, कोरडेच भाजून भरड करून डब्यात भरून ठेवायचे. कपाला एक चमचा, पाच मिनिटे उकळायचे, गाळायचे, हवे तर थोडे दूध-गूळ. सारस्वतांच्या घरात तो चहाच्या जागी पितात. कसाय तिखट काढ्याइतका दिमाखदार नाही, पण मला विचाराल तर सासऱ्यांसाठी, आम्लपित्त असलेल्यांसाठी आणि लहान मुलांसाठी हाच चांगला. पोटाला लागत नाही, दिवसातून चार वेळा घेता येतो. धणे विषाणू मारतात म्हणून नव्हे, माणूस ते आवडीने पितो म्हणून.

हळदीचे एका वाक्यात सांगायचे तर ती पाण्यात जवळपास विरघळत नाही, म्हणून काढ्यात घालण्यापेक्षा साय असलेल्या कोमट दुधात घाला. दुधाने कफ वाढतो ही समजूत आहे. दूध प्यायल्यावर लाळ दाट लागते, कफ वाढलेला नसतो.

सासऱ्यांकडे येते. रक्तदाब असलेल्या माणसाला रोज ज्येष्ठमध देऊ नका. त्यातल्या ग्लिसरायझिन या द्रव्यामुळे शरीरात मीठ आणि पाणी साठते, पोटॅशियम उतरते आणि रक्तदाब चढतो. गोळी चालू असूनही वर का जातो हे मग कुणाला कळत नाही. लघवी वाढवणारी गोळी घेत असतील तर पोटॅशियम आणखीच घसरते, हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो. घसा बसला म्हणून एखादी कांडी दोन दिवस चघळली तर निरोगी माणसाला काही होत नाही, पण रोजच्या टोपात ज्येष्ठमध नको. त्यांना साखरेचा आजारही असेल तर गूळ आणि मध दोन्ही साखरच आहेत, ‘नैसर्गिक’ म्हटल्याने ग्लुकोमीटर फसत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, विशेषतः वॉरफरिन चालू असेल तर आले, हळद, तुळस स्वयंपाकात असतात तेवढीच, औषधी मात्रेत आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

चार वर्षांच्या मुलाला मोठ्यांचा काढा नको. कसाय पातळ करून अर्धा कप, किंवा तुळस आणि गवती चहाचे नुसते पाणी. रात्री खोकल्याने झोप मोडत असेल तर झोपण्यापूर्वी अर्धा ते एक चमचा मध. वर्षावरच्या मुलांत मधाने रात्रीचा खोकला कमी होतो असे अभ्यासांत दिसले आहे, आणि दुकानातल्या खोकल्याच्या बाटल्यांपेक्षा तो नक्कीच सुरक्षित आहे. जायफळ उगाळून देऊ नका. आपल्याकडे जायफळ दारात मिळते म्हणून हात सैल सुटतो, पण जास्त मात्रेत ते मेंदूवर परिणाम करते आणि लहान मुलात जास्त मात्रा म्हणजे फार थोडी. टोपातल्या कढत पाण्यावर डोके धरून वाफ देण्याचेही तसेच. त्यात मुले पोळतात. न्हाणीघरात गरम पाणी सोडून दार लावून त्याला दहा मिनिटे मांडीवर घेऊन बसा, तेवढी वाफ पुरते.

फेणीबद्दल ताईंनी विचारलेले नाही, पण गोव्यात पडशाविषयी लिहायचे आणि फेणी टाळायची हे जमायचे नाही. साखर घालून गरम केलेली फेणी झोपताना घेतली की घाम येतो, ऊब वाटते, झोप येते. ऊब वाटते ती कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावल्याने, आणि त्याच वाटेने शरीराची उष्णता बाहेर जाते. झोप तुटक लागते, लघवीवाटे पाणी जाते. तापासाठी पॅरासिटामॉल घेतले असेल तर वरून दारू म्हणजे यकृतावर दुहेरी भार, आणि सर्दीच्या गोळीतल्या गुंगीत ती भर घालते. ज्याला घ्यायची तो माझे ऐकून सोडणार नाही, हे ठाऊक आहे. निदान बाळाच्या छातीला फेणी चोळू नका आणि मुलाला चमचाभर ‘औषध’ म्हणून पाजू नका.

गुळवेलही हल्ली काढ्यात पडते. २०२१ साली मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांत यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली, आयुष मंत्रालयाने ती मान्य केली नाही. गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल चुकून वापरली जाते हाही मुद्दा पुढे आला. माझे मत असे, की पडशाला गुळवेलीची गरज नाही. झाडावर चढलेली वेल ओळखीची नसेल तर ती टोपात नकोच.

आता फ्लू. पडसे हळूहळू चढते, फ्लू अचानक आदळतो. सकाळी कामावर गेलेला माणूस दुपारी थंडी वाजून, अंग मोडून, १०२ ताप घेऊन घरी येतो. भारतात फ्लूचे दोन हंगाम असतात, एक पावसाळ्यात आणि एक जानेवारी ते मार्चच्या सुमारास. धडधाकट तरुणाला विश्रांती, पेज, काढा आणि पॅरासिटामॉल पुरते. पण पासष्टीपुढचे, गर्भवती, मधुमेही, दम्याचे किंवा हृदयाचे रुग्ण आणि लहान बाळे यांच्यासाठी काढा करत बसू नका. ओसेल्टामिविर हे विषाणूरोधक औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झाले तर सर्वांत उपयोगी पडते. काढ्याची वाट पाहण्यात नेमके तेच तास जातात. सासऱ्यांना दरवर्षी फ्लूची लस टोचून घ्या, हे काढ्यापेक्षा मोठे काम आहे.

गोव्यात याशिवाय आणखी एक अडचण आहे. नाक वाहत नाही, शिंका नाहीत, घसा दुखत नाही, नुसताच ताप आहे, तर ते पडसे नव्हे. पावसात असा ताप डेंग्यूचा असू शकतो, मलेरियाचा असू शकतो. शेतात लावणी करून आलेल्या माणसाला तापासोबत पोटऱ्या दुखत असतील आणि डोळे लाल असतील तर लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाचा, विचार आधी करायचा. सत्तरी तालुक्यातल्या माणसांनी काजूच्या हंगामात आणखी सावध राहावे, कारण रानातल्या गोचिडींतून पसरणारा माकडताप २०१५ पासून तिथे आढळला आहे आणि तो डिसेंबर ते मे या काळात डोके वर काढतो. रानात गेलो होतो, हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा. अशा तापात ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नका, डेंग्यू असेल तर रक्तस्राव वाढतो. रक्त तपासून घ्या, आणि तोवर पॅरासिटामॉल.

पॅरासिटामॉलचे एक बघा. बाजारातल्या बहुतेक सर्दीच्या गोळ्यांत ते असतेच. वर ताप म्हणून वेगळी गोळी घेतली की मात्रा दुप्पट होते. पाकिटावरचे नाव वाचण्यापेक्षा आतले घटक वाचा. मोठ्या माणसाला दिवसाला चार ग्रॅमच्या वर नाही, यकृताचा आजार असेल किंवा रोज पिणारा असेल तर त्याहून बरेच कमी. अँटिबायोटिक मागू नका. कफ पिवळा-हिरवा झाला म्हणजे तो जिवाणूंचाच असतो असे नाही, पडशात तो तसा होतोच.

धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर होणे, माणूस बरळणे, मुलाने पाणीही न घेणे, लघवी फार कमी होणे, तीन दिवसांपुढे ताप टिकणे किंवा एकदा उतरून पुन्हा जोराने येणे, तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप येणे: यांतले काहीही दिसले तर टोप खाली उतरवा आणि दवाखाना गाठा. रात्रीबेरात्री १०८ ला फोन करा.

आजारात खायचे काय, हेही लोक विचारतात. उकड्या तांदळाची पेज, मीठ घालून, सोबत तोंडी लावायला तोर, म्हणजे मिठातली कैरी, किंवा सोलांचा सार. पाणी, मीठ आणि पचायला हलके अन्न एका वाटीत येते. पडशात तोंडाला चव नसते तेव्हा माणूस काढा नाकारतो, पेज नाकारत नाही.

सामानाबद्दल थोडे. वृंदावनातली तुळस पुष्कळ घरी संध्याकाळनंतर किंवा द्वादशीला तोडत नाहीत, आणि खोकला बहुधा संध्याकाळीच चढतो. काढ्यासाठी मागच्या दारी दोन कुंड्या वेगळ्या लावा. डासांसाठी धूर किंवा फवारणी झाली असेल तर पाने दोन पाण्यांनी धुवा. मे महिन्यात पुरुमेंतात, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीत, भरून ठेवलेली सुंठ आणि मिरी पावसात ओल धरतात. बुरशी दिसली, कुबट वास आला तर उकळून चालेल असे म्हणू नका, बुरशीतली काही विषे उकळूनही जात नाहीत. टाकून द्या. उन्हाळ्यातच कडक ऊन दाखवून हवाबंद बरणीत भरावे, आणि पूड करून न ठेवता लागेल तशी कुटावी.

काढा सकाळी करून थर्मासमध्ये ठेवला तर चालतो का, हा ताईंचा शेवटचा प्रश्न. चालतो, पण आधी गाळून घ्या. पाने आत राहिली की दुपारपर्यंत तो कडू होतो. मध आणि दूध थर्मासमध्ये घालू नका, कपात घाला. रात्री उरलेला दुसऱ्या दिवशी गरम करून पाजण्यापेक्षा ओता, आले काही महाग नाही.